यदृच्छ संगणकनामे
संगणकांच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्र ओळखता यावे म्हणून, ठराविक शब्दसूचींतून यदृच्छया शब्द निवडून आज्ञावलीने (सॉफ्टवेअरने) तयार केलेली, उच्चारण्यास व लक्षात ठेवण्यास सोपी अशी नावे. संगणक परस्परांना अंकी पत्त्याने ओळखतात. नावाची गरज माणसाला असते. १९२.१६८.१३.३१ व १९२.१६८.३१.१३ हे पत्ते दूरध्वनीवरून सांगताना त्यांची सहज अदलाबदल होते आणि माहिती पुसून टाकण्याची आज्ञा भलत्याच यंत्राला दिली जाऊ शकते. त्यामुळे नावाची निवड ही केवळ हौसेची बाब नव्हे.

इतिहास : अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यातील सर्व नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एसआरआय या संस्थेच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. जाळे वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या श्रेणीबद्ध नामप्रणालीमुळे (डीएनएस) यंत्राचे नाव स्वतःच्या क्षेत्रापुरते वेगळे असले, तरी पुरेसे झाले. या प्रणालीत नावाचा एक घटक ६३ चिन्हांपेक्षा मोठा नसतो. यंत्राच्या नावात रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढीच चिन्हे रूढ आहेत.

नावे कशी असावीत यासंबंधी डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये लिहिलेली टिपणी (आरएफसी ११७८) प्रसिद्ध आहे. यंत्रास प्रकल्पाचे वा व्यक्तीचे नाव देऊ नये, कारण पुढे यंत्राचे काम अथवा ते वापरणारी व्यक्ती बदलते व नाव खोटे ठरते, असे त्यांनी दाखविले. ‘अप’ नावाचे यंत्र ‘डाऊन’ आहे काय, असे विचारण्याची वेळ आल्यास होणाऱ्या गोंधळाचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. फुले, रंग, मूलद्रव्ये, पौराणिक स्थळे यांची नावे त्यांना योग्य वाटतात. यदृच्छ निवडीचे मर्म यातच आहे : जे नाव यंत्राविषयी काहीच सांगत नाही, ते कधी खोटेही ठरत नाही.

रचना : विशेषण व नाम यांची जोडी ही सर्वांत प्रचलित रचना होय. डॉकर (२०१३) या प्रणालीत नाव न दिलेल्या पात्रास (कंटेनरला) विशेषण व शास्त्रज्ञाचे आडनाव मिळून नाव दिले जाते. तिच्या सूचीत रामानुजन, रामन, बोस ही नावेही आहेत. ‘कंटाळवाणा वॉझ्नियॅक’ या अर्थाची जोडी मात्र आज्ञावलीत मुद्दाम वगळलेली आहे. ओरेन तिरोश यांच्या १,६२६ शब्दांच्या सूचीचा हेतू निराळा आहे. तीतील तीन शब्दांचे ४,२९,८९,४२,३७६ क्रम होतात. ही संख्या ३२ द्विमान अंकांनी (बिटांनी) दर्शविता येणाऱ्या ४,२९,४९,६७,२९६ मूल्यांहून थोडी अधिक असल्याने असा कोणताही अंकी पत्ता तीन शब्दांत सांगता येतो.

पुनरावृत्ती : १०० विशेषणे व २०० नामे यांपासून २०,००० नावे मिळतात. तथापि तेवढ्या यंत्रांपर्यंत पुनरावृत्ती टळेल, असे समजणे चूक आहे. १०० यंत्रांतच दोघांचे नाव एक येण्याची संभाव्यता सु. २२ टक्के असते आणि सु. १६७ यंत्रांत ती निम्मी होते [⟶ संभाव्यता सिद्धांत]. १०० शब्दांची तिसरी सूची जोडल्यास ही मर्यादा सु. १,६६५ यंत्रांपर्यंत जाते. परंतु नाव लांबते व स्मरणसुलभता घटते. म्हणून वापरात असलेल्या नावांशी ताडून पाहणे व नाव आधीच घेतलेले असल्यास पुन्हा निवड करणे किंवा शेवटी अंक जोडणे हा उपाय योजतात.

शब्दांची निवड : शब्द लहान, परिचित व परस्परांहून वेगळे ऐकू येणारे असावेत, अपमानकारक जोड्या निर्माण होऊ नयेत. मराठीत व्याकरणाचाही प्रश्न येतो. काळा डोंगर, काळी नदी, काळे रान याप्रमाणे विशेषण लिंगानुसार बदलत असल्याने नामाचे लिंग सूचीत नोंदवावे लागते, अथवा शांत, चपळ, सुंदर अशी अविकारी विशेषणेच घ्यावी लागतात. दिन व दीन यांसारखे, ऐकताना एकच वाटणारे शब्द एका सूचीत नसावेत. देवनागरीतील .भारत हे क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध असले, तरी नामप्रणालीत देवनागरी नावे रोमन चिन्हांत संकेतबद्ध करूनच साठविली जातात.

मर्यादा : असे नाव गुप्त शब्द म्हणून वापरणे धोक्याचे आहे, २०,००० शक्यता संगणक क्षणार्धात तपासू शकतो. नावावरून यंत्राचे काम कळत नसल्याने त्याची नोंदवही काळजीपूर्वक ठेवावी लागते. जेथे हजारो यंत्रे अल्पकाळासाठी निर्माण होऊन नष्ट होतात, तेथे अनुक्रमांकच सोयीचा ठरतो. जी यंत्रे माणसांच्या बोलण्यात वारंवार येतात, त्यांच्यासाठी मात्र सहज आठवणारे नाव हे चूक टाळण्याचे स्वस्त व परिणामकारक साधन आहे.