शिधापत्रिकेचा रंग आणि आजारपणाचा खर्च

राजापूर तालुक्यांत समुद्रकांठीं नाटे नांवाचें गांव आहे. तेथील मासेमारी होडीवरच्या एखाद्या खलाशास ‘तुमचें वार्षिक उत्पन्न किती?’ असें विचारलें, तर तो काय सांगणार? मासळी लागली तर डिझेल व बर्फ यांचा खर्च वजा जाऊन त्याचा वांटा. न लागली तर हात रिकामे. शिवाय १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस बंदी. आणि तरीही त्याच्या घरांत कोणाचें हृदय बिघडलें, तर सरकारी विम्याचा आधार मिळणार कीं नाहीं, हें कित्येक वर्षें याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत होतें.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैंत आठ जिल्ह्यांत सुरू झाली. रत्नागिरीचा समावेश २०१३ च्या नोव्हेंबरांत झाला. पुढें २०१७ सालीं तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव मिळालें. हप्ता सरकारनें भरावयाचा, आणि कुटुंबास वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार विनामूल्य मिळावयाचे. सर्वसाधारण अट एवढीच कीं, शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी हवी.

म्हणजे रुग्णालयांत उत्पन्न कोणी मोजीत नसे, रंग पाहत. हे रंग १९९९ सालीं ठरले, तेही धान्यवाटपासाठीं! वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत पिवळी, त्यापुढें १ लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक उत्पन्न किंवा दारांत चारचाकी असल्यास पांढरी. पंधरा हजार म्हणजे महिना साडेबाराशें. त्या वेळचा लाख आणि वीस वर्षांनंतरचा लाख यांतील फरक गृहिणींना सांगावयास नको; पण रेषा जागची हलली नाहीं. ९९ हजार मिळविणाऱ्यास दीड लाखाचें संरक्षण, १ लाख १ हजार मिळविणाऱ्यास कांहींच नाहीं. आणि हा दुसरा गृहस्थ एका शस्त्रक्रियेनें पहिल्याच्याही खालीं जावयाचा.

केंद्र सरकारनें २०१८ सालीं आयुष्मान भारत योजना आणली, तेव्हां उत्पन्न विचारलेंच नाहीं. ग्रामीण भागांत घर कच्चें व एका खोलीचें आहे काय, सोळा ते एकोणसाठ वयाचा कोणी घरांत आहे काय, अशा २०११ च्या गणनेंतील नोंदी पाहिल्या. खलाशापुरती ही कसोटी मला अधिक प्रामाणिक वाटते. खोल्या मोजतां येतात. पण २०११ नंतर विसकटलेला संसार तिला दिसत नाहीं.

अखेर २०२३ च्या जुलैंत राज्यानें रंगाची अट काढून मर्यादा पांच लाखांवर नेण्याचें ठरविलें, आणि २०२४ पासून पांढऱ्या पत्रिकेचीं कुटुंबेंही योजनेंत आलीं. हें भाषण ऐकणाऱ्या पुष्कळ घरांना याची वार्ताही नसेल. मात्र उपचार यादींतला हवा आणि रुग्णालय योजनेशीं जोडलेलें हवें. तेथें ‘आरोग्यमित्र’ नांवाचा मदतनीस बसतो. पैसे भरण्यापूर्वीं त्यास भेटावें. आणि कपाटांतली शिधापत्रिका आजच काढून तींत घरांतील सर्वांचीं नांवें आहेत ना, तें पाहून ठेवावें.