ब्लाऊजपीसच्या गठ्ठ्यातून गोधडी : एक छंद, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी



आपल्या बहुतेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ब्लाऊजपीसचा एक गठ्ठा असतो. हळदीकुंकवात मिळालेले, ओटीत आलेले, बारशाचे, वास्तुशांतीचे. त्यातले चार आपण पुढे कुणाला तरी देतो, पण गठ्ठा काही कमी होत नाही. त्यातच मुलांचे आखूड झालेले सुती शर्ट, कडेला फाटलेली चादर, आईची मऊ पडलेली साडी घाला. गोधडी शिवायला एवढं सामान पुरतं. आज आपण या छंदाची ओळख करून घेऊ. जगभर त्याला क्विल्टिंग म्हणतात, आणि त्याच्या नव्या रूपाला मॉडर्न क्विल्टिंग.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आपल्या आजीला "तुझा छंद काय होता?" असं विचारलं तर ती गोधडी म्हणणार नाही. तिच्यासाठी ते काम होतं. शेतातलं काम सरलं की उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर लुगडी अंथरायची आणि थंडी यायच्या आत घरातल्या माणसांपुरत्या गोधड्या शिवून काढायच्या. बाळासाठी दुपटं, म्हाताऱ्यांसाठी वाकळ. त्यामुळे "आपली परंपरा किती सुंदर" असं म्हणताना जरा जपून म्हणावं. पण त्या गोधडीकडे नीट पाहा. लाल काठ मध्ये आलाय, हिरवा तुकडा मुद्दाम कोपऱ्यात बसलाय. ऊब तर कुठलाही तुकडा कुठेही लावला असता तरी मिळाली असती. मग हा तुकडा इथेच का? कारण शिवणारीने तसं ठरवलं. काम सक्तीचं होतं, पण हे ठरवणं तिचं होतं. माझ्या मते या छंदातली सगळी मजा त्या ठरवण्यातच आहे.

याचं जगातलं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. घरं साधी, गरिबी मोठी. बायका कामाचे विरलेले शर्ट, गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, पिठाच्या पिशव्या उसवून क्विल्ट शिवायच्या. १९६२ साली, इथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या गावी जाऊ लागले तेव्हा तिथली फेरीबोट बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं! मधल्या काळात, १९६६ मध्ये, त्या परिसरातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढून क्विल्ट विकायला सुरुवात केली. पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या क्विल्टचं प्रदर्शन भरलं. २००६ मध्ये त्यांची चित्रं टपाल तिकिटांवर आली. कापड तेच, जुन्या पँटींचं. उसवलेल्या खिशाखालचा न विटलेला गडद निळा भाग त्यात तसाच दिसतो. लोक थांबून बघत होते ती रंगांची मांडणी.

मॉडर्न क्विल्टिंग करणारे आज जे करतात त्याचं मूळ बऱ्याच अंशी अशा मांडणीत आहे. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला मॉडर्न क्विल्ट गिल्ड सुरू झाली आणि या पद्धतीला नाव मिळालं. जुन्या अमेरिकी क्विल्टमध्ये एकच नक्षी ओळीने पुन्हा पुन्हा येते, तारा म्हणजे सगळीकडे तारा. नव्या पद्धतीत साधे, एकरंगी, ठसठशीत कापडाचे तुकडे घेतात, नक्षी मध्यावर न ठेवता एका बाजूला सरकवतात, आणि बरीच जागा मोकळी सोडतात. पांढऱ्या किंवा राखाडी कापडावर एका कोपऱ्यात चार पिवळ्या पट्ट्या, बस. चित्रकलेच्या तासाला मुलं विचारतात ना, "बाई, मागचं रंगवायलाच पाहिजे का?" तर इथे नाही रंगवलं तरी चालतं. उलट त्या मोकळ्या जागेमुळेच पिवळ्या पट्ट्या दिसतात.

आता प्रत्यक्ष शिवण्याकडे वळू.

गोधडीला तीन भाग असतात. वरचा जोडलेला भाग, मधलं भरण आणि खालचं अस्तर. परदेशात मध्ये कापसाची किंवा पॉलिस्टरची तयार गादीसारखी पट्टी घालतात. आपल्याकडे जुन्या सुती साडीचे थर. साडेपाच मीटरच्या साडीतून छत्तीस इंच लांबीचे पाच तुकडे सहज निघतात. बाळाच्या दुपट्याला त्यातले दोन-तीन पुरेत, उरलेले पुढच्या वेळी.

कापड सुतीच घ्या. ब्लाऊजपीस सुती आहे की नाही हे हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून मोठ्या माणसाने तो जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. तसलं सुळसुळीत कापड नवशिक्याच्या हातात राहत नाही. नवं सुती कापड कापायच्या आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. ते धुतल्यावर आटतं आणि काही रंग जातात. धुतलेल्या जुन्या कापडाशेजारी न धुतलेलं नवं कापड जोडलं, तर पहिल्याच धुण्यात नवं आटतं आणि शिवणीजवळ चुण्या पडतात. लाल रंग गेला तर विचारूच नका.

कापताना धाग्याची दिशा बघा. कापड उभं-आडवं ओढलं तर फारसं ताणत नाही. तिरकं, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने ओढलं, तर चांगलंच ताणतं. म्हणून चौकोन धाग्याच्या सरळ रेषेतच कापायचे, नाहीतर शिवताना त्यांचे पतंग होतात.

आणि आता गणित. तुकडे जोडताना प्रत्येक कडेला पाव इंच कापड शिवणीत जातं. वर्गात किंवा घरी मुलांना विचारा, पाच इंचाचे तीन चौकोन एका ओळीत जोडले तर ओळ किती लांब होईल? बहुतेक मुलं पंधरा म्हणणार. शिवून, इस्त्री करून मोजायला लावा. चौदा भरते! एक इंच कुठे गेला? दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचा पाव-पाव इंच. म्हणजे प्रत्येक शिवणीला अर्धा, एकूण एक. "पाव अधिक पाव बरोबर अर्धा" हे फळ्यावर शंभरदा लिहून जेवढं पोचत नाही तेवढं त्या हरवलेल्या इंचातून पोचतं. पुढचं गणित त्यांनाच करू द्या. पाच इंचाचा चौकोन चारी बाजूंनी शिवला की साडेचार इंचाचा दिसतो. मग छत्तीस इंचाच्या दुपट्याला एका ओळीत किती? आठ. आठ ओळी, चौसष्ट चौकोन. दोन रंग घेतले तर बुद्धिबळाचा पट तयार. चाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून एका ओळीत आठ चौकोन निघतात, म्हणजे प्रत्येक रंगाचं वीस इंच, अर्ध्या मीटरपेक्षा किंचित जास्त कापड पुरतं. टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, तेव्हा रूपांतराचाही धडा होऊन जातो.

पण थांबा. चौकोन कापून झाले की लगेच शिवायला घेऊ नका. जमिनीवर मांडा. हलवा. रात्रभर तसेच राहू द्या, सकाळी पुन्हा बघा. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहिला तर कुठे सगळे गडद तुकडे एकत्र आलेत ते पटकन कळतं. मूल मांडत असेल तर आपण हात मागे बांधून बसायचं. "अगं, इथे हिरवा छान दिसेल" हे वाक्य गिळायचं. आपल्याला शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं, मला ठाऊक आहे! पण जागा आपण सांगितली की उरतं ते नुसतं टाके घालण्याचं काम. त्याच कारणासाठी मला या छंदाची शाळेत स्पर्धा किंवा गुणांचा उपक्रम करणं पसंत नाही. गुण आले की घरून आईच शिवून पाठवते, हे आपण कार्यानुभवाच्या वह्यांत पाहिलेलंच आहे.

वरचा भाग जोडून झाला की अस्तर उलटं पसरा, त्यावर साडीचे थर, त्यावर वरचा भाग सुलटा. मध्यापासून कडेकडे हात फिरवून चुण्या काढा आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवा. ही पायरी कंटाळवाणी असते, पण टाळू नये. कारण मशीनमध्ये खालचे दाते फक्त सगळ्यात खालचं कापड पुढे ढकलतात, वरच्या कापडाला मशीनचा पाय दाबून धरतो. थर जाड असले की खालचं पुढे जातं आणि वरचं मागे राहून फुगतं. यासाठी वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय मिळतो, तो वरचं कापडही बरोबरीने पुढे नेतो. नसला तरी अडत नाही, कच्चे टाके दाट घाला आणि सावकाश शिवा.

मशीन नसेल तर आणखी छान, हाताने धावदोरा घाला. आपल्याकडे गोधडी कडेने शिवत शिवत आत येतात, चौकोनात चौकोन. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद शिवतात, त्याही अशाच कडेपासून मध्याकडे येतात. आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी त्रिकोणी 'फुलं' लावल्याशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. थंडीसाठी त्या फुलांचा काहीच उपयोग नाही, तरी ती लागतातच. मॉडर्न क्विल्टवाले सरळ समांतर ओळी पसंत करतात. छत्तीस इंचाच्या दुपट्यावर दोन-दोन इंचांवर ओळी घातल्या तर सतरा ओळी होतात, म्हणजे ६१२ इंच धावदोरा. इंचाला पाच टाके धरले तर तीन हजारांहून थोडे जास्त. एका दिवसात करायचं कामच नाही हे. रोज दोन ओळी, रेडिओ ऐकत. आठ-नऊ दिवसांत होतं. दिवसभर वर्गात बोलून घसा बसलेल्या माणसाला अर्धा तास न बोलता करायचं काम किती बरं वाटतं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

मुलांच्या हातात सुई कधी द्यावी? तिसरी-चौथीतलं मूल मोठ्या नेढ्याच्या सुईने मॅटी कापडावर धावदोरा नीट घालतं. दोरा हातभरच द्या, लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि मूल वैतागतं. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. कापायला गोल पात्याचं रोटरी कटर मिळतं. त्याने थर झटक्यात कापले जातात, तशीच बोटंही. ते मोठ्यांनीच वापरायचं. आणि मुलग्यांनाही सुई द्या. एखादे पालक विचारतात, "त्याला कशाला हे?" गावातला शिंपी पुरुषच असतो की! त्याच्याकडे गेलात तर सुती कापडाच्या चिंध्यांची पिशवीसुद्धा मिळेल.

खरेदीबद्दल एकच सांगते. रंग जुळवून कापलेले तयार तुकड्यांचे संच हल्ली ऑनलाइन मिळतात. दिसतात फार सुंदर, पण महाग असतात, आणि मुख्य म्हणजे रंग कुणीतरी आधीच ठरवलेले असतात. पहिली गोधडी तरी घरातल्या कापडाचीच करा. चांगली कात्री, सुया, पक्का सुती दोरा आणि बोटाला अंगुस्तान, एवढंच विकत घ्यावं लागेल.

शेवटी चारी कडांना गोट लावायचा. अडीच इंच रुंद पट्टी उभी दुमडून, आधी वरच्या बाजूला शिवून, मागे वळवून हाताने टाचायची. मागच्या कोपऱ्यात एक छोटा पांढरा तुकडा लावा आणि त्यावर दोऱ्याने साल आणि शिवणाऱ्याचं नाव घाला. जागा उरली तर कापड कुणाचं तेही घाला, बाबांचा शर्ट, आजीचं पातळ. जुन्या गोधड्यांवर हे लिहिलेलं नसतं, म्हणून कुठला तुकडा कशाचा ते सांगणारं माणूस गेलं की कळायला मार्ग राहत नाही. पहिल्यांदा धुताना गार पाणी घ्या, पिळू नका, सावलीत आडवी वाळत घाला. ओली गोधडी फार जड होते, दोरीवर मध्ये लटकवली तर टाके ताणतात.