अतिरिक्त डिझेल गाळणी

अतिरिक्त डिझेल गाळणी म्हणजे डिझेल वाहनाच्या मूळ इंधन गाळणीखेरीज इंधनमार्गात बसवली जाणारी दुसरी गाळणी होय. बोलीभाषेत तिला 'जादा फिल्टर', तर पाणी वेगळे करणाऱ्या प्रकाराला 'वॉटर सेपरेटर' म्हणतात. डिझेलमधील पाणी व मोठे कण मूळ गाळणीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवणे हा तिचा मुख्य उद्देश असतो. योग्य प्रकारची गाळणी योग्य जागी बसवल्यास उच्चदाब पंप व इंजेक्टर यांचे आयुष्य वाढण्यास मदत होते. चुकीच्या जागी बसवलेली किंवा दुर्लक्षित गाळणी मात्र इंजिनाचा इंधनपुरवठाच रोखते.

पार्श्वभूमी

नागपूर शहराच्या पूर्व भागातील कळमना येथे नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे बाजार आवार आहे. धान्य, मिरची, कांदे-बटाटे, भाजीपाला व फळे यांचा येथे घाऊक व्यापार चालतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर या तालुक्यांतील संत्री येथे विक्रीस येतात. संत्र्याचा आंबिया बहार पावसाळा संपताना व हिवाळ्याच्या आरंभी, तर मृग बहार हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतो. हा माल नाशवंत असल्याने लिलावाच्या वेळेपूर्वी तो आवारात पोहोचणे आवश्यक असते. वाटेत गाडी बंद पडल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाच्या भावातही तोटा होतो.

अशा वाहतुकीसाठी महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त यांसारखी हलकी मालवाहू वाहने वापरली जातात. २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस ही त्याहून लहान गाडी 'छोटा हत्ती' या नावाने परिचित आहे. तिच्या आरंभीच्या ७०२ घन सेंटिमीटर क्षमतेच्या दोन सिलिंडरी इंजिनात यांत्रिक इंधन पंप होता. पुढील काळात हलक्या मालवाहू डिझेल वाहनांत कॉमन रेल ही प्रणाली रूढ झाली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून सर्वत्र भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. या बदलांमुळे इंधनाच्या स्वच्छतेला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले.

इंधनमार्गाची रचना

डिझेल वाहनात इंधन टाकीतून निघून फीड पंपाच्या साहाय्याने गाळणीतून उच्चदाब पंपाकडे जाते. काही वाहनांत फीड पंप टाकीत बसवलेला व विजेवर चालणारा असतो. अशा वाहनांत गाळणीकडे इंधन ढकलले जाते. काही वाहनांत तो उच्चदाब पंपालाच जोडलेला असतो. तेथे इंधन टाकीपासून ओढले जाते आणि गाळणी चोषण बाजूस येते. जादा गाळणी कोठे व कोणती बसवावी, हे या फरकावर अवलंबून असते.

इंजिनात जळते त्यापेक्षा कितीतरी अधिक डिझेल गाळणीतून वाहत असते. उरलेले इंधन पंप व इंजेक्टर यांना थंड ठेवून परतीच्या नळीने टाकीत जाते. म्हणून जादा गाळणीची क्षमता गाडीच्या इंधनवापरावरून न ठरवता पंपाच्या प्रवाहावरून ठरवावी लागते.

स्वच्छ इंधनाची आवश्यकता

जुन्या यांत्रिक प्रणालीत इंजेक्टर साधारणपणे काही शे बार दाबावर उघडत असे. कॉमन रेल प्रणालीत हा दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब सुमारे २ बार असतो, यावरून या दाबाची कल्पना येते. एवढ्या दाबाखाली गळती होऊ नये म्हणून पंप व इंजेक्टर यांच्या सरकत्या भागांतील फट केवळ काही मायक्रॉन ठेवलेली असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी धूळही या फटीत शिरून धातू घासते. फट वाढली की दाब गळतो, इंधनाचे तुषार नीट बनत नाहीत, धूर वाढतो आणि गाडी ओढ कमी देते.

पाणी हा दुसरा शत्रू होय. डिझेलमध्ये वंगणाचा गुण असतो, पाण्यात तो नसतो. पाण्यामुळे पंपाचे पोलादी भाग गंजतात आणि गंजाचे कण पुढे इंजेक्टरपर्यंत जातात. भारत स्टेज ६ डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा ५० वरून १० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅमवर आणण्यात आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण घटतो व तो भरून काढण्यासाठी त्यात पूरक द्रव्ये मिसळावी लागतात. अशा इंधनात पाणी शिरल्यास होणारी हानी अधिक असते.

भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये पाण्याचे प्रमाण २०० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. परंतु इंधन पंपावरून निघालेले डिझेल पुढे कोणत्या स्थितीत राहते, यावरही त्याची शुद्धता अवलंबून असते. शेतावर ट्रॅक्टर किंवा पंपासाठी पिंपात साठवलेले डिझेल गाडीत ओतताना धूळ, गंज व पाणी टाकीत जाण्याचा संभव असतो. टाकी अर्धी रिकामी राहिल्यास आतील हवेतील बाष्प रात्रीच्या गारव्यात टाकीच्या भिंतींवर जमते. गरम डिझेलमध्ये विरघळलेले थोडे पाणीही डिझेल थंड होताच वेगळे होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते टाकीच्या तळाशी साचते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जीवाणू व बुरशी वाढून तपकिरी चिकट गाळ तयार होतो आणि तो गाळणी चोंदवतो.

प्रकार

साधी जाळीची गाळणी: हिच्यात धातूची किंवा नायलॉनची जाळी असते. ती गंजाचे पापुद्रे, कचरा व खडबडीत कण अडवते. बारीक धूळ व पाणी तिच्यातून जाते.

निवळण पेला: यात इंधनाची गती एकदम कमी केली जाते. त्यामुळे जड पाणी व कण तळाशी बसतात. तळाच्या तोटीने पाणी काढता येते. यात कागद नसल्याने प्रवाहाला विरोध अत्यल्प असतो.

पाणी वेगळे करणारी गाळणी: हिच्यातील विशेष कागद सूक्ष्म थेंबांना एकत्र आणून मोठे करतो किंवा पाण्याला आरपार जाऊ देत नाही. खाली पारदर्शक पेला व तोटी असते. काही नमुन्यांत पाणी साचल्याची सूचना देणारा संवेदकही असतो. पिकअपसाठी जादा गाळणी म्हणून हा प्रकार सर्वाधिक उपयुक्त ठरतो.

गाळणीवर लिहिलेला मायक्रॉनचा आकडा एकट्याने पुरेसा नसतो. त्या आकाराचे किती कण ती अडवते, हेही पाहावे लागते. गाळणीपूर्वीच्या व नंतरच्या कणसंख्येच्या गुणोत्तराला बीटा गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर २ असल्यास निम्मे कण पुढे जातात, तर २०० असल्यास दर २०० कणांपैकी एकच पुढे जातो. म्हणजेच '१० मायक्रॉन' असे लिहिलेल्या दोन गाळण्यांच्या कामात मोठा फरक असू शकतो.

जागेची निवड

धान्य आधी मोठ्या छिद्रांच्या आणि नंतर बारीक छिद्रांच्या चाळणीतून चाळतात. इंधनाच्या बाबतीतही हाच क्रम योग्य ठरतो. जादा गाळणी टाकी व मूळ गाळणी यांच्या दरम्यान असावी आणि ती मूळ गाळणीपेक्षा जाड असावी. साधारणतः १० ते ३० मायक्रॉनची गाळणी आधी व कारखान्याने दिलेली बारीक गाळणी नंतर, अशी मांडणी केली जाते. जादा गाळणीच अधिक बारीक असल्यास सर्व घाण तिच्यातच अडकते, ती लवकर चोंदते आणि मूळ गाळणीला काम उरत नाही.

मूळ गाळणीच्या पुढे, म्हणजे उच्चदाब पंपाच्या बाजूस, जादा गाळणी बसवणे धोक्याचे असते. जोडणी करताना नळीत राहिलेला रबराचा कण किंवा धूळ तेथून थेट पंपात जाते. ती अडवण्यासाठी पुढे काहीही नसते.

चोषण बाजूस विशेष काळजी घ्यावी लागते. तेथे इंधन पुढे सरकते ते टाकीतील वातावरणाच्या दाबामुळे, आणि तो दाब जेमतेम १ बार असतो. दोन गाळण्यांचा विरोध एकत्र झाला की पंपाला इंधन कमी पडू लागते. हा परिणाम रिकामी गाडी सावकाश चालवताना जाणवत नाही. पूर्ण भार घेऊन चढ चढताना तो उघड होतो. म्हणून या बाजूस अल्प विरोधाचा निवळण पेला किंवा मोठ्या आकाराची गाळणी निवडणे श्रेयस्कर असते.

बसवण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन थंड होऊ देतात व बॅटरीची ऋण जोडणी काढतात. परिसरात विडी, वेल्डिंग किंवा ठिणगी असू नये. सांध्यांवरील धूळ आधी ब्रशने झाडून पुसतात, अन्यथा ती उघड्या नळीत शिरते.

गाळणी चेसिसच्या आतील बाजूस, पक्क्या पट्टीवर उभी बसवतात. तिची जागा चाकांनी उडणाऱ्या दगडांपासून सुरक्षित व धूरनळीपासून दूर असावी. काजळी गाळणी असलेल्या भारत स्टेज ६ वाहनांत काजळी जाळण्याच्या वेळी धूरमार्गाचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. पेल्याची तोटी सहज हाताला येईल व बदलण्यासाठी खाली पुरेशी जागा राहील, हेही पाहावे लागते.

नळी डिझेल सहन करणाऱ्या रबराचीच असावी. पाण्याची साधी नळी डिझेलने फुगते, मऊ पडते व तिचे आतील थर सुटतात. नळीचा आतील व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा तांब्याचे जोडभाग टाळतात, कारण हे धातू डिझेलच्या विघटनास चालना देतात. गाळणीवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असल्याची खात्री करतात.

जोडणीनंतर इंधनमार्गातील हवा काढणे आवश्यक असते. हातपंप असल्यास तो कडक होईपर्यंत दाबतात. टाकीत विद्युत पंप असल्यास चावी काही वेळा चालू-बंद करून मार्ग भरून घेतात. जुन्या यांत्रिक इंजिनात इंजेक्टरची नट सैल करून हवा काढण्याची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनात ती कदापि वापरू नये. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरते व गंभीर इजा करते. गळती शोधण्यासाठी बोटही फिरवू नये.

दोष व त्यांची लक्षणे

दाबाच्या बाजूस सांधा सैल राहिल्यास डिझेल ठिबकते व दोष दिसतो. चोषण बाजूस मात्र डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमीन कोरडी राहते आणि गाडी सकाळी उशिरा सुरू होते, मध्येच बंद पडते किंवा झटके देते. यालाच 'गाडीने एअर धरली' असे म्हणतात. अशा वेळी गाळणीनंतरच्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी लावून बुडबुडे पाहतात.

नवी बारीक गाळणी डब्यातील डिझेलने भरून बसवण्याची सवय जुन्या इंजिनांपासून चालत आली आहे. ते न गाळलेले डिझेल गाळणीच्या स्वच्छ बाजूस पडल्यास थेट पंपात जाते. कॉमन रेल वाहनात गाळणी रिकामी बसवून हातपंपाने किंवा विद्युत पंपाने भरणे हीच सुरक्षित पद्धत होय.

देखभाल

पेल्यातील पाणी नियमितपणे, पावसाळ्यात अधिक वेळा, काढावे लागते. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर हे काम केल्यास पाणी पूर्णपणे खाली बसलेले असते. स्वच्छ डिझेल येऊ लागताच तोटी बंद करतात. निघालेले पाणी मातीत किंवा गटारात न टाकता वापरलेल्या तेलाबरोबर साठवून विल्हेवाटीस देतात. वारंवार पाणी निघत असल्यास इंधनाचा स्रोत, टाकीचे झाकण व टाकीचा तळ तपासतात. दोन्ही गाळण्या आपापल्या मुदतीत बदलाव्या लागतात. जादा गाळणी आहे म्हणून मूळ गाळणीची मुदत वाढवता येत नाही.

मर्यादा व नियम

गाळणी केवळ वेगळे असलेले पाणी व घन कण अडवते. डिझेलमध्ये मिसळलेले रॉकेल तिच्यातून सहज पुढे जाते. भेसळीचा संशय असल्यास ग्राहकाला इंधन पंपावर घनतेची तपासणी मागता येते. झिजलेले इंजेक्टर गाळणीने पूर्ववत होत नाहीत. ती पुढील झीज मंदावते, झालेली भरून काढत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. गाळणीमुळे असा तपशील बदलत नसला, तरी हमीच्या मुदतीतील वाहनात मूळ नळी कापल्यास हमीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा वाहनात आधी उत्पादकाच्या अटी पाहणे आणि उत्पादकाने मान्य केलेला संच उपलब्ध असल्यास तोच वापरणे इष्ट ठरते. नेहमी एकाच विश्वासू पंपावर डिझेल भरणाऱ्या व मूळ गाळणी वेळेवर बदलणाऱ्या वाहनास जादा गाळणीची गरज कमी असते. पिंपातील डिझेल, धुळीचे रस्ते व पावसाळी ओल यांतून चालणाऱ्या वाहनास ती अधिक उपयोगी पडते.