घरची अडचण की समाजाचा प्रश्न?

नववीच्या प्रवेशाचे दिवस आले की आम्ही शिक्षक आसपासच्या गावांत घरोघरी फिरतो. गेल्या वर्षी एका घरी मुलीची अम्मी म्हणाली, "पोरगी हुशार आहे हो, पण जाणार कशी?" गावातली उर्दू शाळा आठवीपर्यंतच. हायस्कूल बारा किलोमीटरवर. शाळा सुटायच्या आधीच संध्याकाळची एसटी निघून जायची.

परतताना आमच्यातलेच कुणी म्हणाले, "यांना मुली शिकवायच्याच नाहीत." आम्ही माना डोलावल्या. रात्री यादी केली तेव्हा त्याच गावातल्या नऊ मुली घरी बसलेल्या निघाल्या. नऊच्या नऊ बाप एकाच वेळी बेफिकीर कसे झाले?

समाजशास्त्राचा पहिला धडा इथेच सुरू होतो. सी. राइट मिल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला फरक सांगितला. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि हुन्नर तपासावे. पण पाच कोटी कामगारांपैकी दीड कोटी बेकार असतील, तर दोष एकेकाच्या स्वभावात शोधून उपयोग नाही. तिथे व्यवस्थाच तपासावी लागते.

सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात हेच दाखवले. मुस्लिम मुले मदरशातच जातात, हा समज तिने आकड्यांनिशी खोडला. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच मदरशात शिकत होती. मुलींच्या गळतीमागे जवळ शाळा नसणे, वसतिगृह नसणे, शिक्षिका कमी असणे ही कारणे तिने नोंदवली. शिक्षण हक्क कायदाही चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत, हमी देतो. आमच्या नऊ मुली नेमक्या त्याच उंबरठ्यावर थांबल्या होत्या.

मग जुम्याच्या नमाजनंतर नऊही पालकांना एकत्र बसवले. आधी प्रत्येक जण आपापल्या घरचे रडगाणे सांगत होता. सगळ्यांचे एकच आहे हे कळल्यावर एकच अर्ज लिहिला गेला, सर्वांच्या सह्यांनी. दोन महिने हेलपाटे घातल्यावर गाडीची वेळ बदलली. सहा मुली आज नववीत आहेत.

तिघी अजून घरीच आहेत. त्यांचे भाऊ मात्र त्याच रस्त्याने सायकलवर शाळेत येतात. म्हणजे सगळाच दोष एसटीचा नव्हता. मुलाला रस्ता मोकळा आणि मुलीला धोक्याचा, ही रीतही समाजानेच घडवलेली असते. तिला कायदा किंवा आगार बदलू शकत नाही. ती आपल्यालाच बदलावी लागेल.

आपल्या मोहल्ल्यात आठवीनंतर थांबलेल्या मुली किती? एकदा वही घेऊन मोजा. एका मुलीचे नाव लिहिले तर ती घरची अडचण वाटते. नऊ नावे एकाखाली एक लिहिली की प्रश्न सर्वांचा होतो.