खत मातीआड करा

खत शेतांत नेलें म्हणजे तें शेतास पोंचलें, असा आपणां बहुतेकांचा समज असतो. तो खरा नाहीं. खत मातीआड होईल तेव्हांच तें शेतास पोंचलें असें समजावें.

आमची उमर महसुली दप्तरांत जमाखर्च लिहिण्यांत गेली. पेन्शन घेऊन शेतीकडे वळल्यावर पहिल्याच वर्षीं आम्हीं चैत्रांत शेणखताच्या आठ ट्रॉल्या शेतांत टाकविल्या, आणि ढीग तसेच ठेवून मृगाची वाट पाहिली. पुढें ढिगांच्या जागीं ज्वारी हिरवीगार आली. इतरत्र पिंवळी पडली. खताचा पैसा व भाडें आमच्या नांवें पडलें. सत्त्व मात्र ऊन, वारा व पाऊस यांनीं वांटून घेतलें.

याचें कारण असें. शेणखतांतील नत्राचा कांहीं भाग अमोनियाच्या रूपानें असतो. खत उघडें पसरलें कीं तो हवेंत उडतो, व पहिल्या कांहीं तासांतच ही हानि सर्वांत अधिक होते. युरियाचीही तीच गत. ४५ किलोच्या गोणींत सुमारें २०.७ किलो नत्र असतें. ओल लागतांच त्याचा अमोनिया होऊं लागतो, आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तो अधिकच सुटतो. सन २०१५ पासून युरियास निंबोळी तेलाचा लेप देतात. त्यानें नत्र झिरपून जाणें कमी होतें, परंतु उडणें थांबत नाहीं. स्फुरद उडत नाहीं, पण जागचा फारसा हालतही नाहीं. वर राहिल्यास मुळांस मिळत नाहीं, व लोंढ्याच्या मातीबरोबर ओढ्यास जातो.

म्हणून शेणखत पेरणीच्या सुमारासच शेतांत न्यावें, आणि ज्या दिवशीं पसराल त्याच दिवशीं कुळवाची पाळी द्यावी. रासायनिक खत दोन चाड्यांच्या पाभरीनें बियाण्याच्या बाजूस, थोडें खालीं पेरावें. वरखत हप्त्यांनीं, ओळीशेजारीं द्यावें व लागलीच कोळपावें; मुसळधार पावसाच्या तोंडावर देऊं नये.

मजूर मिळत नाहींत, ही अडचण खरी आहे. तिजवर उपाय एवढाच कीं, एका दिवसांत जेवढें झांकणें होईल तेवढेंच पसरावें. बाकीचें उकिरड्यांत मातीखालीं राहूं द्यावें.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं याप्रमाणें केलें. खत दोन ट्रॉल्या कमीच होतें. तरी ज्वारी बांधापासून बांधापर्यंत एका रंगाची आली.