ख्रिस्ती श्रद्धेतील आध्यात्मिक प्रौढता : संकल्पना आणि टिळक दांपत्याचे उदाहरण

प्रस्तावना :

धर्मांतर, बाप्तिस्मा आणि मिशनरी कार्य या विषयांवर मराठीत बरेच लेखन झालेले आहे. बाप्तिस्म्यानंतर काय घडते, श्रद्धा स्वीकारलेली व्यक्ती त्या श्रद्धेत कशी वाढते, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात या वाढीला मध्यवर्ती स्थान आहे. प्रस्तुत लेखात आध्यात्मिक प्रौढतेची ही संकल्पना नव्या कराराच्या आधारे स्पष्ट करण्याचा आणि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनक्रमात ती पडताळून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप :

नव्या करारात प्रौढ किंवा पूर्ण या अर्थी 'तेलेइओस' हा ग्रीक शब्द येतो. तो 'तेलोस' म्हणजे अंतिम हेतू, गंतव्य या शब्दापासून बनलेला आहे. त्यामुळे या पूर्णतेचा अर्थ 'दोषरहित' एवढाच घेणे अपुरे ठरते; ज्या हेतूसाठी एखादी गोष्ट निर्माण झाली त्या हेतूपर्यंत ती पोहोचणे, हा अर्थ अधिक जवळचा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दूध आणि जड अन्न यांचा दृष्टांत आहे. एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते असे लोक अजून मुळाक्षरेच गिरवीत आहेत, अशी तेथील लेखकाची तक्रार आहे. (अध्यापकवर्गाला ही तक्रार परिचित वाटावी!) जड अन्न पचविणारा प्रौढ कोण, तर ज्याची चांगले आणि वाईट ओळखण्याची शक्ती सरावाने तयार झाली आहे तो. या 'सरावा'साठी योजलेले ग्रीक क्रियापद व्यायामशाळेतील कसरतीचे आहे. प्रौढता ही माहितीच्या साठ्यातून येत नाही, विवेकाच्या नित्य वापरातून येते, असा त्याचा आशय आहे.

करिंथ येथील मंडळीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पौलाच्या पहिल्या पत्रानुसार या मंडळीत कोणत्याही आत्मिक दानाची उणीव नव्हती. वक्तृत्व होते, ज्ञान होते. तरीही तिसऱ्या अध्यायात पौल त्यांना बालके म्हणतो. त्याचे कारण त्यांच्यातील हेवा, कलह आणि गटबाजी हे होय. म्हणजे प्रतिभा आणि प्रौढता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आजच्या मंडळ्यांतून प्रभावी उपदेशकालाच प्रौढ मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिला या पत्रात कसलाही आधार मिळत नाही.

फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील एक विसंगती अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बाराव्या वचनात पौल आपण पूर्ण झालेलो नाही असे सांगतो. तीनच वचनांनंतर जे पूर्ण आहेत त्यांच्यात तो स्वतःची गणना करतो. दोन्ही ठिकाणी एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. ही विसंगती वरवरची आहे. आपण अद्याप पोहोचलो नाही याची जाणीव हाच पौलाच्या मते प्रौढपणाचा एक घटक आहे.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात या विचाराला सामुदायिक परिमाण मिळते. तेथे वाऱ्याने हेलकावणारी बालके अनेकवचनी आहेत, तर प्रौढ पुरुष मात्र एकवचनी आहे. सर्वांनी मिळून एक प्रौढ शरीर व्हावयाचे आहे. संतपरंपरेशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. 'दासबोधा'त बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा अवस्था सांगितल्या आहेत. तेथील प्रवास प्रामुख्याने एकेका साधकाचा आहे. ख्रिस्ती विचारात मंडळीपासून तुटलेली प्रौढता जवळजवळ अशक्य मानली जाते. दुसरा फरक कृपेच्या स्थानाचा आहे. देवासमोर नीतिमान ठरणे हे कृपेने आणि विश्वासाने होते, तर पवित्रीकरण ही आयुष्यभर चालणारी प्रक्रिया आहे, असा भेद विशेषतः प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र करते. जॉन वेस्ली यांनी १७६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ख्रिस्ती पूर्णतेचा अर्थ प्रीतीची पूर्णता असा लावला. अज्ञान आणि चुका यांतून सुटका असा नव्हे. कॅथलिक परंपरेत अविला येथील संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आत्म्याला सात दालनांच्या किल्ल्याची उपमा दिली आहे. सर्वांत आतल्या दालनात पोहोचलेला आत्मा तेथे विसावत नाही, सेवेसाठी बाहेर वळतो, हे तेथील प्रतिपादन वेस्लींच्या विचारापासून फारसे दूर नाही.

टिळक दांपत्य : दोन वेगळ्या गती :

रेव्हरंड टिळकांचे परिवर्तन सर्वश्रुत आहे. १८९३ मध्ये रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचण्यास दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन, उपदेश, भजन-कीर्तनांची रचना आणि 'ज्ञानोदय'चे संपादन असे त्यांचे कार्य झाले. तुकारामांच्या अभंगांच्या आधारानेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. ती पाहता त्यांची वाढ म्हणजे पूर्वीचे सारे पुसून टाकणे नव्हते, असे म्हणावे लागते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' या बंधुसमाजाचा आरंभ केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

या अखेरच्या पर्वाला प्रौढता म्हणावे की मंडळीपासून दुरावणे? इफिसकरांस पत्राचा निकष लावल्यास प्रश्न अवघड होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते टिळकांनी मंडळीची कल्पना मोडली नाही, रुंदावली. परंतु अशा निर्णयांचा भार घरातील माणसांवर पडतो, हे टिळकांच्या गौरवपर लेखनात सहसा नोंदविले जात नाही.

म्हणूनच लक्ष्मीबाईंचे उदाहरण अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. टोकाचे सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरी त्या वाढल्या. पतीच्या बाप्तिस्म्याचा आघात त्यांच्यावर त्यांना न विचारता कोसळला आणि काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहावे लागले. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी आपले सोवळेओवळे त्यांनी वेगळे सांभाळले. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. जातिभेद हा ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, ही जाणीव त्यांना स्वतःच्या विचारातून झाली. १९०० मध्ये झालेला बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. टिळकांच्या बाबतीत ग्रंथवाचन आणि भावनिक स्फोट अग्रभागी दिसतात. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत स्वयंपाकघर, पाणी आणि पंगत यांच्या पातळीवर, रोजच्या सवयीतून विवेक घडत गेला. इब्री लोकांस पत्रातील 'सराव' या शब्दाचे याहून नेमके उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

'स्मृतिचित्रे' आपल्या अभ्यासक्रमांत विनोद, स्त्री-आत्मचरित्र आणि भाषेचा साधेपणा या अंगांनी शिकविले जाते. ते योग्यच आहे. तथापि त्या विनोदाला आध्यात्मिक वाढीचा पुरावा म्हणूनही वाचता येते. ज्या पतीच्या निर्णयाने संसार उन्मळून पडला, त्याच्या रागीटपणाविषयी, विसरभोळेपणाविषयी आणि हाती आलेले वाटून टाकण्याविषयी त्या लिहितात. स्वतःचे अज्ञानही त्या लपवीत नाहीत. या लेखनात दुःख कमी करून सांगितलेले नाही, पण कटुताही नाही. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, सहनशीलता, ममता यांची जी यादी येते, तिच्यात चमत्कार किंवा वक्तृत्व नाही, हे येथे आठवते.

औपचारिक शिक्षण नसलेल्या या लेखिकेने टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे पूर्ण केले. सुरुवातीच्या अध्यायांनंतरचा ग्रंथाचा मोठा भाग त्यांचा आहे. ज्या श्रद्धेच्या नावाने आपले घर मोडले असे त्यांना एकेकाळी वाटले होते, त्याच श्रद्धेच्या चरित्रनायकाची कथा ओवीबद्ध करण्यात त्यांची उतारवयातील वर्षे गेली. १९३६ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले.