फणसाडात एकच वाघ मावेल

अलिबागहून मुरुडकडे निघालात की उजव्या हाताला समुद्र असतो आणि डाव्या हाताचे डोंगर हळूहळू दाट होत जातात. ते फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबानं शिकारीसाठी राखलेलं हे रान 1986 मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूनं आत शिरा. डोक्यावरून शेकरू उडी मारतं, भेकराचं खेकसणं ऐकू येतं आणि उन्हाळ्यात ज्यांना इथले लोक ‘गाण’ म्हणतात त्या पाणवठ्यांवर सगळं रान जमतं. बिबट्या आहे, वाघ नाही. क्षेत्रफळ साधारण 70 चौरस किलोमीटर. चालून पाहा म्हणजे कळेल, दिवस संपतो पण हे रान संपत नाही.

आता सांगा, एवढ्या जंगलात किती नर वाघ सुखानं राहू शकतील? दहा? पाच?

एक. आणि तोही थोडा अंग चोरूनच राहील!

नेपाळच्या चितवनमध्ये 1970च्या दशकात वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्यांचा माग काढायला सुरुवात झाली, तेव्हा हा हिशेब पहिल्यांदा नीट समोर आला. वाघिणीचं क्षेत्र वीसेक चौरस किलोमीटरचं निघालं. नराचं बहुतेक वेळा साठ ते शंभर, काहींचं त्याहूनही मोठं. सावज विरळ असेल तिथे दोन्ही आकडे आणखी फुगतात. पण नराला वाघिणीच्या तिप्पट-चौपट जागा हवी कशाला? तो काही तिच्या चौपट खात नाही.

इथेच पहिलं आश्चर्य आहे. वाघीण आपली हद्द पोटासाठी आखते. स्वतःला आणि बछड्यांना पुरतील एवढी सांबरं, चितळं, रानडुकरं जिथे मिळतील, तेवढं तिचं राज्य. नर मात्र आपली हद्द वाघिणींभोवती आखतो. दोन, तीन, कधी त्याहून जास्त वाघिणींची क्षेत्रं आपल्या रेषेच्या आत घ्यायची आणि त्या रेषेच्या आत दुसऱ्या नराला टिकू द्यायचं नाही, एवढंच त्याचं राजकारण. म्हणजे एकाच जंगलावर दोन नकाशे एकमेकांवर ठेवलेले असतात: खालचा सावजानं काढलेला, वरचा वाघिणींनी. फणसाडात सावज भरपूर आहे असं धरलं, तरी दोन-तीन वाघिणी आणि एक नर आले की घर भरलं.

ठीक आहे, राज्य मिळालं. ते राखायचं कसं? 70 चौरस किलोमीटरचं क्षेत्र अगदी गोल आहे असं मानलं तरी त्याची सीमा भरते सुमारे 30 किलोमीटर. करवंदीच्या जाळ्या, ओढे, कडे, दऱ्या यांतून जाणारी 30 किलोमीटरची सीमा आणि राखणदार एकटा! तो उत्तरेच्या टोकाला असताना दक्षिणेचं टोक उघडंच असणार. जिथे आपण नाही, तिथेही आपण आहोत असं वाटायला लावायचं, ही त्याच्यापुढची अडचण. आणि तिचं त्यानं काढलेलं उत्तर इतकं सुंदर आहे की ते कळल्यावर मी कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

वाटेवरच्या एखाद्या झाडाशी वाघ थांबतो. पाठ खोडाकडे करतो, शेपटी ताठ उभी करतो आणि मागच्या बाजूला, वरच्या दिशेनं एक जोरदार फवारा सोडतो. झाड निवडण्यातही केवढी अक्कल! चितवनच्या अभ्यासकांना दिसलं की सरळसोट खोडापेक्षा कललेलं खोड त्याला जास्त आवडतं, आणि फवारा बसतो तो खोडाच्या खालच्या अंगाला, जिथे पाऊस पोचत नाही. कोकणातला पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला या निवडीचं मोल वेगळं सांगायला नको.

त्या फवाऱ्याला वास कसला येतो? ताज्या शिजलेल्या आंबेमोहर भाताचा!

हे खरं आहे. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या या द्रवाच्या मागे आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. ओडिशात सिमलीपालच्या जंगलाशेजारी, जशीपूरला, वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी खैरी नावाची वाघीण घरात वाढवली होती. त्या खैरीमुळे ब्रह्मचारींना हा द्रव अगदी जवळून अभ्यासता आला. पुढे त्यात जो रेणू सापडला त्याचं नाव 2-असेटाइल-1-पायरोलिन. बासमतीचा सुगंध याचाच, आंबेमोहराचाही याचाच. मोहाच्या फुलांतही तो आहे. ज्या रेणूनं आपल्याला जेवायला बसावंसं वाटतं, तोच रेणू जंगलात दुसऱ्या नराला ‘मागे फिर’ असं सांगणाऱ्या निरोपात मिसळलेला असावा, यावर विश्वास बसायला वेळच लागतो.

पण सुगंध उडून जातो, मग निरोप टिकतो कसा? कारण तो फवारा म्हणजे नुसतं लघवीचं पाणी नव्हे. त्यात स्निग्ध पदार्थ मिसळलेले असतात. अत्तर करणारे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात धरून ठेवतात ना, म्हणजे तो मनगटावर दिवसभर दरवळतो? वाघाच्या फवाऱ्यातली चरबी तेच काम करते. उडून जाणारे रेणू ती धरून ठेवते आणि थोडेथोडे सोडत राहते. नर केव्हाच पाच कोसांवर गेलेला असतो आणि झाड मात्र त्याच्या वतीनं दिवसच्या दिवस बोलत असतं.

आता दुसरा वाघ तिथे येतो. आधी नाकानं हुंगतो. मग थबकतो, तोंड वर करतो, वरचा ओठ मागे ओढतो, नाकावर सुरकुत्या पडतात, जीभ बाहेर लोंबते. अशा वाघाचा फोटो पाहून आपल्याला वाटतं, याला वास सहन झालेला नाही. खरं तर तो वाचतोय. त्याच्या टाळूत, वरच्या दातांच्या मागे, वास ओळखणारं एक वेगळंच इंद्रिय आहे आणि तोंड असं करून तो ते रेणू तिथपर्यंत पोचवतो. इथून गेला तो नर की मादी, मादी असेल तर माजावर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खूण किती जुनी आहे.

हा शेवटचा तपशील फार मोठा आहे. प्रत्येक खुणेवर आपोआप तारीख पडलेली असते! वास ताजा असेल तर मालक जवळपास आहे. शिळा असेल तर तो आजारी असेल, दूर गेला असेल किंवा मेला असेल. चितवनमध्ये एखादा नर मेला की शेजारचे नर बघता बघता त्याच्या क्षेत्रात शिरू लागत. म्हणून राज्य करणाऱ्या नराचा बहुतेक वेळ चालण्यात जातो. शिकार करायची, पाणी प्यायचं, पुन्हा चालायचं, आणि जिथे शेजाऱ्याची हद्द लागते तिथे खुणा जास्त दाट टाकायच्या. आपल्या मनातला जंगलाचा राजा सावलीत पहुडलेला असतो. खरा राजा गस्तीवर असतो, आणि मला तरी हाच जास्त राजबिंडा वाटतो.

वासाच्या जोडीला आवाज आहे. वाघाची डरकाळी शांत रात्री तीनेक किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी सिंह आणि वाघ यांच्या स्वरयंत्राचा बारकाईनं अभ्यास केला. आपल्या स्वरतंतूंची कड निमुळती असते. यांची चक्क चौकोनी आणि सपाट निघाली, आत चरबीचा थर असलेली. अशा आकारामुळे फुप्फुसांनी फार जोर न लावताही प्रचंड आवाज निघतो.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? लढाई टाळण्यासाठी. नीट विचार करा. सिंह जखमी झाला तर कळपानं मारलेल्या शिकारीत त्याला वाटा मिळतो. वाघाला कोण वाढणार? पुढचा पाय मोडला, सुळा तुटला की शिकार थांबते आणि शिकार थांबली की सगळंच थांबतं. लढाई जिंकूनही वाघ मरू शकतो. म्हणून वास, नखांचे ओरखडे, डरकाळ्या, दुरूनच एकमेकांना जोखणं, आणि बहुतेक वेळा एकानं मुकाट बाजूला होणं.

बहुतेक वेळा. नेहमी नाही. ताडोब्यातल्या ‘छोटा मटका’ची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. बाप मटकासूर, त्या जंगलातला एके काळचा जबरदस्त नर, आणि आई छोटी तारा. नोव्हेंबर 2023 मध्ये चिमूर तालुक्यात छोटा मटका आणि बजरंग समोरासमोर आले. बजरंगही त्या भागातला दबदब्याचा नर. त्या झुंजीत तो मेला. मे 2025 मध्ये ब्रह्मा नावाच्या नराशी पुन्हा तसंच झालं. ब्रह्मा मेला, पण या वेळी जिंकणाऱ्याच्या पुढच्या पायाला मोठी जखम झाली. तो लंगडत फिरत राहिला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि ऑगस्टमध्ये वन विभागानं त्याला उपचारांसाठी पकडलं. दोन राजे मारणारा राजा पिंजऱ्यात आला, आणि त्याच्या हद्दीतल्या झाडांवरचा वास शिळा होऊ लागला.

हे राज्य टिकतं तरी किती? चितवनच्या दीर्घ अभ्यासात प्रजनन करणाऱ्या वाघिणीचा काळ सरासरी 6.1 वर्षांचा भरला. नराचा? 2.8 वर्षं. पावणेतीन वर्षांहून जेमतेम जास्त! या आकड्याशी थोडं थांबा. वाघिणीचा गर्भकाळ साडेतीन महिन्यांचा. त्यानंतर बछडी स्वतःच्या पायावर उभी राहायला दीड ते दोन वर्षं. म्हणजे नराला एक पिढी कशीबशी मार्गी लावण्याएवढाच वेळ मिळतो. मध्येच नवा नर आला तर तो लहान बछड्यांना मारतो. पिल्लं गेली की वाघीण लवकर माजावर येते आणि नव्याच्या संततीची वाट मोकळी होते. ऐकायला हे फार कठोर आहे. पण याच माहितीनं नराकडे बघण्याची माझी नजर बदलली. तो बछड्यांना फारसं खाऊ घालत नाही, शिकार शिकवत नाही, आणि तरीही त्याच्या फवाऱ्यांच्या त्या अदृश्य रेषेमुळेच ती बछडी जिवंत असतात.

काही नर सरासरी पार मोडून काढतात. ताडोब्यात मोहर्लीकडचा ‘वाघडोह’, चेहऱ्यावर जखमांचे व्रण मिरवणारा अवाढव्य नर, वर्षानुवर्षं राज्य करून म्हातारा झाला, तरुण नरांनी बाहेर ढकलला आणि मे 2022 मध्ये चंद्रपूरजवळ वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास मेला. रानातल्या नराला एवढं वय क्वचितच लाभतं.

आणि ज्यांना राज्य मिळालेलंच नाही, ते? दोन वर्षांचा नर आईपासून सुटतो तेव्हा चहूकडे दुसऱ्यांचे वास असतात. त्याला निघावंच लागतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला ‘वॉकर’ 2019 मध्ये कॉलरसह निघाला. तेलंगणात गेला, परत आला, शेतं, नद्या, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीचा चालत, 3000 किलोमीटरहून जास्त अंतर कापून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. 205 चौरस किलोमीटर रान, खायला नीलगाई आणि रानडुकरं, प्रतिस्पर्धी एकही नाही. फक्त वाघीणही नाही.

यामागेही नियम आहे. तरुण वाघीण शक्यतो आईच्या शेजारीच बस्तान बसवते, कधी आईच तिला आपल्या क्षेत्रातला तुकडा देते. लांब जातो तो नर. म्हणून ओस पडलेल्या जंगलात पहिली पावलं नराची उमटतात. आपल्या सह्याद्रीत नेमकं हेच घडलं. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये 1165 चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ तिथे टिकून दिसत नव्हता. मग 2022 मध्ये राधानगरीत टिपलेला एक वाघ डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीच्या कॅमेऱ्यात आला. सुमारे 100 किलोमीटरवर! ओळख पटली पट्ट्यांवरून, कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्याला नाव मिळालं ‘सेनापती’. पुढे ‘सुभेदार’ आला, ‘बाजी’ आला. तिघेही नर.

नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्यातली एक वाघीण चांदोलीत आणली गेली आणि तिथल्या खुणांना पहिल्यांदा असा वाचक मिळाला जो त्या वाचून मागे फिरणार नाही. तिला तिथे बछडी झाली, तर त्यांतले नर दोन वर्षांनी निघतील. दक्षिणेला राधानगरी, तिलारी. उत्तरेला कोयनेवरून महाबळेश्वरकडे जाणारी सह्याद्रीची धार, आणि त्या धारेच्या पश्चिमेला, पायथ्याशी, पोलादपूर नि महाड. म्हणजे रायगड जिल्हा. वॉकरच्या चालीनं ते अंतर काही दिवसांचंच आहे. तिकडच्या घाटवाटांवर कॅमेरा ट्रॅप आतापासूनच लावून ठेवायला हवेत, आणि वाटेवर एखादं कललेलं खोड दिसलं तर त्याच्या खालच्या अंगाला आंबेमोहराचा वास येतो का, तेही पाहायला हवं.